विरजण, मधाचे बोट आणि आतड्यातली वस्ती

प्रश्न : छातीत संसर्ग झाल्यामुळे डॉक्टरांनी मला 7 दिवस प्रतिजैविके दिली. ताप उतरला, पण नंतर आठवडाभर पोट बिघडलेलेच राहिले. सासूबाई दही-ताक घ्या म्हणतात, औषधाच्या दुकानात प्रोबायोटिकच्या पुड्या हातात ठेवतात. यातले काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी सासूबाईंच्या दह्याच्या भांड्याकडे पाहू, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. कोमट दुधात चमचाभर विरजण घालून ते झाकून ठेवले की विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि काही तासांत दूध इतके आंबट होते की नासवणाऱ्या जंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. तेच दूध उन्हाळ्यात विरजण न लावता ओट्यावर राहिले तर संध्याकाळपर्यंत नासते. निरोगी मोठ्या आतड्यात याच धर्तीचा बंदोबस्त असतो. तिथल्या शेकडो जातींच्या जीवाणूंनी जागा अडवलेली असते, खाद्य वाटून घेतलेले असते आणि आम्ले सोडून परिसर आपल्याला सोयीचा करून ठेवलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूला शिरकाव मिळणे अवघड जाते. शिकागोमधील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या एका जुन्या प्रयोगात याचे माप मिळाले. साध्या उंदरांना साल्मोनेला या रोगजंतूचा संसर्ग होण्यासाठी सुमारे 1 लाख जंतू पोटात जावे लागत, तर स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या उंदरांना 10 पेक्षाही कमी जंतू पुरत.

प्रतिजैविक हे छातीतला जंतू कोणता आणि आतड्यातला कोणता, असा भेद करत नाही. आपले पोट बिघडण्याचे कारण बहुधा हेच असावे. ही वस्ती पुन्हा भरते, मात्र सावकाश. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 निरोगी पुरुषांना 4 दिवस जबर प्रतिजैविके देण्यात आली होती. सुमारे दीड महिन्यात त्यांच्या आतड्यातली बरीचशी वस्ती पूर्ववत झाली, पण एरवी सर्रास आढळणाऱ्या 9 जाती बहुतेकांमध्ये 180 दिवसांनंतरही सापडल्या नाहीत.

आता पुड्यांविषयी. प्रोबायोटिक म्हणजे आतड्याला उपकारक मानलेले जिवंत जंतू. प्रतिजैविकांच्या बरोबरीने सुरू केलेल्या काही प्रोबायोटिकांमुळे जुलाबांचा त्रास कमी होतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. काही पुड्यांत तर जीवाणू नसून यीस्ट असते, ज्याच्यावर प्रतिजैविकाचा परिणामच होत नाही. पण औषध संपल्यावर मूळ वस्ती परत यावी म्हणून पुड्या घेणे ही निराळी गोष्ट आहे. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले की प्रतिजैविकांनंतर 11 प्रकारच्या जंतूंचे प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती, काहीही न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतली. पाहुण्यांनीच ओसरी अडवली म्हणा ना! तेव्हा पुडी घ्यायची की नाही, हे दुकानदाराने नव्हे, डॉक्टरांनी ठरवावे. दही-ताक खुशाल घ्यावे. त्यातले जीवाणू आतड्यात कायमचे बिऱ्हाड करत नाहीत, पण ते पचायला हलके आहे. पोट स्थिरावले की भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या यांतला न पचणारा चोथा वाढवावा, कारण मोठ्या आतड्यातल्या रहिवाशांचे खरे अन्न तेच आहे. मात्र शौचातून रक्त पडले, ताप आला किंवा जुलाब थांबेनात, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना गाठावे.

प्रश्न : प्रतिकारयंत्रणा परक्या जंतूंवर तुटून पडते, असे मी वर्गात शिकवतो. मग आतड्यातल्या जंतूंना ती सोडते कशी? शिवाय शरीरात पेशींच्या दहापट जंतू असतात, हे खरे का? (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : दहापटीचा आकडा आता आपण वर्गातून काढून टाकावा. 2016 च्या हिशेबानुसार सुमारे 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात अंदाजे 30 लाख कोटी पेशी आणि 38 लाख कोटी जीवाणू असतात. या सगळ्या जीवाणूंचे वजन जेमतेम 200 ग्रॅम भरते.

'तुटून पडते' ही कल्पना रूढ होण्यामागे रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांचा मोठा वाटा आहे. 1882 मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती भटक्या पेशींनी केलेली गर्दी पाहिली. जंतू गिळणाऱ्या पेशींच्या या शोधासाठी त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक यांच्यासमवेत मिळाले. गंमत अशी, की आतड्यातले जंतू विष निर्माण करतात असे मानणाऱ्या याच मेचनिकॉफ यांनी त्यांना आवर घालण्यासाठी आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला.

'तुटून पडते' ही कल्पना चूक नाही, अपुरी आहे. आतड्याचे अस्तर एका पेशीइतक्या जाडीचे असते. तिथे रोज लढाई झाली तर नुकसान आपलेच होईल. म्हणून शरीर आधी अंतर राखते. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत म्यूकसचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जीवाणू नांदतात, तर आतला दाट थर जवळजवळ निर्जंतुक असतो. त्यात आयजीए नावाची प्रतिद्रव्ये सोडली जातात. ती जंतूंना चिकटतात आणि दाह पेटू न देता त्यांना अस्तरापासून दूर ठेवतात. त्यावर आणखी नियंत्रक टी-पेशींचा वचक असतो. इतर लढाऊ पेशींना आवरणाऱ्या या पेशींच्या शोधाला 2025 चे वैद्यकातील नोबेल मिळाले. चोथा आंबवताना जीवाणू ब्यूटिरेट नावाचे जे द्रव्य तयार करतात, त्यावर अस्तराच्या पेशी पोसल्या जातातच, शिवाय नियंत्रक टी-पेशींची संख्याही त्यामुळे वाढते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे ही सहनशीलता घडवण्यात रहिवाशांचाही हात असतो. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात प्रतिकारपेशींचे पुंजके खुरटलेले राहतात आणि आयजीएही फार कमी आढळते.

हे लक्षात घेतले की 'इम्युनिटी वाढवा' अशा जाहिरातींतला पोकळपणा उघडा पडतो. क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या विकारात तिथली प्रतिकारयंत्रणा कमी पडलेली नसते. तिचा आवर सुटलेला असतो.

प्रश्न : आमच्याकडे बारशाला बाळाला मध चाटवतात. डॉक्टरांनी वर्षभर सक्त मनाई केली, त्यामुळे घरात नाराजी आहे. थेंबभर मधाने काय होते? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : डॉक्टरांचे ऐकावे. मधात कधीकधी क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत की चवीला कळत नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात वस्ती दाट असल्यामुळे ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाचे आतडे मात्र नुकत्याच नांगरलेल्या रानासारखे असते. तिथे बीजाणू रुजून विष तयार करतात. मग बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, मान लुळी पडते, दूध ओढण्याची ताकद जाते आणि क्वचित श्वासही थांबतो. अमेरिकेत 1976 मध्ये या आजाराची प्रथम ओळख पटली. मध गाळून, उकळून किंवा घरच्या पोळ्यातला घेऊन हा धोका टळत नाही.

बाळाचे पहिले बोट आईच्या चिकाचे असावे. चिकात आयजीए भरपूर असते, आणि आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियासारख्या जीवाणूंचे खाद्य असतात. घरात रीत मोडल्याची खंत वाटत असेल, तर मधाची वाटी पहिल्या वाढदिवसापर्यंत राखून ठेवावी.