भात-पोळी बंद न करता वजन कमी होतं का?

तुम्ही लिहिलंय की तीन वेळा भात-पोळी पूर्ण बंद केली, दर वेळी पंधरा दिवसांत तीन-चार किलो उतरले आणि दिवाळीपर्यंत सगळे परत आले. अशी बंदी न घालता वजन उतरतं का, हा तुमचा प्रश्न. उतरतं. माझं उतरलं, पण फार सावकाश: १४ महिन्यांत ७८ किलोवरून ६९. उंची ५ फूट २ इंच, म्हणजे अजूनही जास्तच आहे. पण दोन वर्षं झाली, ते तिथून वर गेलेलं नाही.

आधी त्या तीन-चार किलोंबद्दल, कारण त्यांनीच तुमचा धीर खचवलाय असं वाटतं. भात-पोळी एकदम सोडली की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, तेही निघून जातं. काटा खाली येतो, पण चरबी थोडीच गेलेली असते. किलोभर चरबीत ७,००० हून जास्त कॅलरी असतात, ती पंधरवड्यात तीन-चार किलो जाईल कशी? पुन्हा जेवायला लागलात की ते पाणी परत भरतं. यात तुमचं मन कमकुवत आहे असं काही नाही.

माझे डोळे उघडले ते तेलाच्या कॅनमुळे. आम्ही घरात चौघं, आणि ५ लिटरचा कॅन बरोबर महिनाभरात संपायचा. एकदा हिशेब केला तर माणशी रोज ४० मिलीच्या वर तेल! तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, ज्वारीच्या पिठाच्या ग्रॅममध्ये साडेतीनच्या आसपास. मी भाकऱ्या मोजत होते आणि फोडणीला तेल मात्र अंदाजाने ओतत होते. त्या दिवसापासून तेल चमच्यानेच. आता महिन्याला ३ लिटर पुरतं. माणशी रोज सव्वाशेच्या आसपास कॅलरी कमी झाल्या आणि कुणाच्याही ताटातला एकही पदार्थ गेला नाही. सासूबाईंना आठवडाभर भाजी कोरडी लागली, नंतर त्यांनी विषय काढला नाही. शेंगदाण्याच्या कुटाचंही तसंच. आमच्या साताऱ्याकडे कुटाशिवाय भाजीला चव येत नाही, पण मूठभर आणि दोन चमचे यांत चवीचा फरक थोडा, कॅलरींचा मोठा.

चहा चार वेळा, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम. आता दोनदा घेते, अर्धा चमचा घालून. मुलीच्या ताटात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून मी खायचे, ते थांबवलं. तिलाच आधी कमी वाढते, हवं तर पुन्हा घेते. आणि उपवास! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर तूप आणि दाणे. उपवास मी सोडले नाहीत, पण खिचडीच्या जागी वरीचे तांदूळ थोडे, ताक आणि एखादं फळ असतं.

पोळ्या रात्री तीनच्या दोन केल्या, भात एक वाटी ठेवला. डाळ, उसळ, दही मात्र वाढवलं, त्याने भूक लवकर लागत नाही. रात्रीचं जेवण दहावरून आठवर आणलं, मग झोपेपर्यंत अरबटचरबट खाणं आपोआप गेलं.

व्यायामाचं खरं सांगते, नुसत्या चालण्याने माझं वजन उतरलं नव्हतं. पाऊण तास भरभर चाललं तर २०० च्या आसपास कॅलरी खर्च होतात, एका वडापावात त्याहून जास्त असतात. पण उतरलेलं वजन टिकलं ते चालण्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून पाच दिवस चालते, रविवारी अजिंक्यतारा. पहिल्या महिन्यात अर्ध्यातून परत फिरायचे, आता मंगळाईच्या देवळापर्यंत न थांबता जाते. शिवाय आठवड्यातून दोनदा घरीच खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात, त्यांना काम द्यावंच लागतं.

मध्ये अडीच महिने काटा ७३ वर अडकला होता. वजन घटलं की शरीराची गरजही घटते, म्हणून असं होतं. तेव्हा मी कंबर मोजत राहिले, ती मात्र कमी होत होती. भारतीय बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वरची कंबर धोक्याची मानतात, तेव्हा टेप घरात ठेवाच. थायरॉइड एकदा तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते.

आणि पुढचा तेलाचा कॅन फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा. किती दिवस पुरला ते इथे कळवा, पुढचा हिशेब आपण मिळून करू.