मोबदल्याचे पैसे डंपरात घालू का?

हातकणंगले तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गात त्यांचं दीड एकर गेलं, मोबदल्याचे 46 लाख आले. भावकीतल्या तिघांनी कर्ज काढून डंपर घेतले, तसा 45 लाखांचा एक आपणही घ्यावा का? 12 लाख रोख, बाकी कर्ज.

दादा, नका घेऊ.

33 लाख, 11 टक्के, पाच वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता जवळपास 72 हजार. तुमच्या पट्ट्यातलं काम अडीच वर्षांत आटोपलं, तर त्या दिवशी पावणेएकोणीस लाख मुद्दल शिल्लक असेल. आणि भावकीतले तिघेही तेव्हाच गिऱ्हाईक शोधत फिरत असतील, मग भाव कुठला यायचा? शिवाय पोटठेकेदाराकडून बिल निघायला दोन-तीन महिने सहज लागतात. तेवढे हप्ते तुम्ही घरातनं भरायचे.

प्रकल्पाचं काम चालू असतं तेव्हा मुरूम, टँकर, खोल्यांचं भाडं, खानावळ असा पैसा गावात धो-धो येतो आणि काम संपलं की आटतो. टिकतं ते वेगळंच. राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं. त्या बांधकामाची मजुरी कधीच संपली, भोगावतीच्या पाण्यावरचा ऊस अजून उभा आहे. तुमच्या रस्त्याचा टिकाऊ पैसा शिरोली-कागलच्या औद्योगिक वसाहतींच्या मालवाहतुकीत, गोदामात असेल, पण तो रस्ता वाहता झाल्यावर. तोवर थांबा.

वाहनाची हौसच असेल तर जुना ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या रोखीनं घ्या. हंगामात ऊस, एरवी मुरूम.

उरलेला माळ सौर कृषी वाहिनी योजनेत, म्हणजे सौर वीज प्रकल्पासाठी भाड्यानं, द्यावा का, हेही विचारलंय. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी 3 टक्के वाढ, म्हणजे सुरुवातीला एकरी 50 हजार. मुरमाड माळाला याहून बरं काय मिळणार! वीज उपकेंद्र 5 किलोमीटरच्या आत आहे का ते बघा. पाण्याखालचं रान मात्र देऊ नका.

बाकी रक्कम दोन-चार बँकांत वाटून ठेवा. टक्का जास्त म्हणून पतसंस्थेत ओतू नका, 5 लाखांचा ठेव विमा तिथं लागू नाही. खेड्यातल्या शेतजमिनीच्या मोबदल्यावर प्राप्तिकर नसला तरी ठेवीचं व्याज उत्पन्नात धरलं जातं.

जमीन वडिलोपार्जित होती असं लिहिलंय, पण बहिणींच्या वाट्याचं काय ठरलं ते लिहिलेलं नाही. ते मिटेपर्यंत यातला एक रुपया हलवू नका.