बुरशीची ब्लड टेस्ट: तुमचे प्रश्न

पाऊस सुरू झाला की जांघेत नायटा उठतो, ब्लड टेस्ट करू का? (म्हापसा)

नको, पैसे फुकट जातील. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरात राहते, रक्तात उतरत नाही. डॉक्टर ब्लेडने खवले खरवडून केओएचचा (कातडी विरघळवणारं रसायन) थेंब टाकतात आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसले की झालं. आणि ते मेडिकलमधलं स्टेरॉइडवालं मलम प्लीज बंद करा.

डेंगीची होते तशी अँटीबॉडी टेस्ट बुरशीची का नाही? (फोंडा)

आहे की! डेंगीच्या रिपोर्टवर दोन ओळी असतात बघा, एनएस१ म्हणजे व्हायरसचा तुकडा आणि आयजीएम म्हणजे आपल्या शरीराने बनवलेली अँटीबॉडी, बुरशीतही हेच दोन रस्ते. जुन्या टीबीने फुफ्फुसात पोकळी झाली आणि त्यात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढली तर आयजीजी (अँटीबॉडीचाच एक प्रकार) टेस्ट चांगली चालते. पण तिचे कण आपण रोजच श्वासातून घेतो, त्यामुळे धडधाकट माणसातही थोडी अँटीबॉडी सापडते, मग किती आकड्याच्या वर आजार म्हणायचा हाच वाद. आणि ब्लड कॅन्सरवाल्या पेशंटला टेस्टची खरी गरज, तर त्याची इम्युनिटी इतकी पडलेली की अँटीबॉडी बनतच नाही. म्हणून तिथे उलटं करतात, लॅबमधली तयार अँटीबॉडी घेऊन बुरशीच्या भिंतीतली गॅलॅक्टोमॅनन नावाची साखर रक्तात पकडतात.

लेक बायोटेक करते, विचारते ही अँटीबॉडी बनवतात कशी? (डिचोली)

उंदराला बुरशीचा अंश टोचायचा, मग त्याच्या प्लीहेतल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कॅन्सरच्या पेशींशी जोडायच्या. ही १९७५ ची कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांची युक्ती, १९८४ ला नोबेल मिळालं. पण खरी डोकेदुखी पुढे, शेकडो क्लोनमधून (एकाच पेशीपासून वाढवलेले गट) असा एक शोधायचा ज्याची अँटीबॉडी फक्त हव्या त्या बुरशीला चिकटेल. साखरा बऱ्याच बुरशींच्या सारख्याच, पेनिसिलियम या बुरशीमध्येही गॅलॅक्टोमॅनन असतं, त्यामुळे पूर्वी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक चालू असलेल्या पेशंटची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह यायची (ते औषध मुळात त्याच बुरशीपासून सुरू होतं ना!). क्रिप्टोकॉकस ही बुरशी मात्र भली, आपलं साखरेचं कवच रक्तात भरभरून सोडते, सीरमचा (रक्तातलं वरचं पाणी) थेंब, एक पट्टी, दहा मिनिटांत प्रेग्नन्सी टेस्टसारख्या दोन रेघा.

कोविडनंतर भावाला काळी बुरशी झाली, तेव्हा ब्लड टेस्ट का नाही केली? (मडगाव)

कारण म्युकरच्या (हीच ती काळी बुरशी) भिंतीत गॅलॅक्टोमॅनन नसतंच, टेस्ट निगेटिव्हच आली असती. तिच्या फ्युकोमॅनन नावाच्या साखरेला पकडणाऱ्या अँटीबॉडीवर काम झालंय, पण अजून भरवसा नाकातून तुकडा काढून बघण्यावरच, आणि तोही त्याच दिवशी.