‘मुक्त’ असे लिहिलेल्या बाटलीत काय असते?

प्रश्न : माझ्या मुलीने घरातली सगळी प्रसाधने तपासली आणि ज्यांवर ‘पॅराबेनमुक्त’ असे लिहिलेले नाही ती बाजूला काढली. उरलेली निर्धास्तपणे वापरावीत, असे तिचे म्हणणे आहे. परंतु त्या उरलेल्यांपैकीच एका क्रीममुळे माझ्या मानेवर पुरळ उठले. मग ‘पॅराबेनमुक्त’ या शब्दाचा अर्थ काय घ्यावा?

उत्तर : अर्थ एवढाच, की त्या क्रीममध्ये पॅराबेन नाही. त्याच्या जागी काय आहे, हे तो शब्द सांगत नाही. ज्या क्रीममध्ये पाणी असते त्यात जिवाणू आणि बुरशी वाढू शकतात, त्यामुळे काही ना काही प्रिझर्व्हेटिव्ह घालावेच लागते. पॅराबेन गटातील रसायने हे काम अनेक दशके करत होती. २००४ साली स्तनांच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये पॅराबेनचे अंश सापडल्याचे एका अभ्यासात प्रसिद्ध झाले. नमुने होते फक्त २०, निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्धही होत नव्हते. पण लोकांच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. उत्पादकांनी पॅराबेन काढले आणि अनेकांनी त्याऐवजी मेथिलआयसोथायाझोलिनोन हे रसायन वापरायला घेतले.

पुढे जे झाले त्याची आठवण त्वचारोगतज्ज्ञ आजही काढतात. क्रीम, ओले रुमाल आणि शॅम्पू वापरणाऱ्यांमध्ये या रसायनाच्या ॲलर्जीचे प्रमाण इतके वाढले, की २०१३ साली अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने त्याला ‘वर्षातील ॲलर्जन’ ठरवले. २०१७ पासून युरोपीय संघात, लावून तसेच ठेवायच्या प्रसाधनांमध्ये त्यावर बंदी आली. मेथिलपॅराबेन मात्र ठरलेल्या मर्यादेत तेथे आजही चालते. २०१४ साली बंदी आली ती त्याच गटातील ज्या ५ रसायनांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती उत्पादकांनी दिलेली नव्हती त्यांवर. लोकांचा दबाव खरा होता, परंतु तो एका नावावर एकवटला, आणि नाव बदलणे उद्योगाला फारसे अवघड नसते. आपल्या मानेवरील पुरळाचे कारण पत्रावरून सांगता येणार नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (संशयित द्रव्ये त्वचेवर लावून ॲलर्जी शोधण्याची चाचणी) करून घ्यावी आणि जाताना ते क्रीम त्याच्या वेष्टनासह न्यावे.

प्रश्न : युरोपात १,६०० हून अधिक रसायनांवर बंदी आहे आणि अमेरिकेत केवळ ११, असे सर्वत्र वाचायला मिळते. हे खरे आहे का?

उत्तर : आकडे साधारणपणे बरोबर आहेत, त्यांची तुलना मात्र फसवी आहे. युरोपच्या यादीत अशी कित्येक द्रव्ये आहेत, जी चेहऱ्याला लावण्याच्या वस्तूत घालण्याचा विचारही कोणी करणार नाही. पेट्रोलियम शुद्धीकरणातील अनेक उत्पादने त्यात आहेत. खरा फरक यादीच्या लांबीत नसून जबाबदारी कोणावर आहे यात आहे. युरोपात वस्तू बाजारात येण्यापूर्वी पात्रताधारक तज्ज्ञाने तिच्या सुरक्षिततेचा अहवाल तयार करावा लागतो आणि तो अहवाल कोणाकडे मागायचा ती ‘जबाबदार व्यक्ती’ कायद्याने ठरलेली असते. अमेरिकेत रंगद्रव्ये वगळता बाजारात आणण्यापूर्वी कोणाची मान्यता लागत नव्हती आणि आजही लागत नाही. दोन देशांच्या नियमांची तुलना करताना मी तरी आधी हेच पाहतो, की वस्तू निर्धोक आहे हे कंपनीने दाखवायचे, की ती घातक आहे हे ग्राहकाने.

प्रश्न : मी घटकांची यादी नेहमी वाचते. तरीही एखादे विषारी द्रव्य नजरेतून सुटू शकते का?

उत्तर : होय, आणि त्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत. हे लिहिताना एक शॅम्पूची बाटली माझ्यासमोर आहे. मागच्या बाजूला भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत २३ घटक छापलेले आहेत. जास्त प्रमाणात असलेला घटक आधी, हा नियम असला तरी १ टक्क्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिण्यास मुभा असते, आणि चिंतेची बहुतेक नावे याच शेपटात असतात. या बाटलीवर एकविसाव्या क्रमांकावर ‘डीएमडीएम हायडँटॉइन’ आहे. हे प्रिझर्व्हेटिव्ह हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडत राहते आणि त्यातूनच जंतूंना रोखते. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. श्वासातून दीर्घकाळ आत जाणारा वायू आणि धुऊन टाकला जाणारा शॅम्पू यांची धास्ती सारखी नाही हे खरे, तरी ज्यांना फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी आहे त्यांना या यादीत तो शब्द शोधूनही सापडणार नाही. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांवर तर ‘मेथिलीन ग्लायकॉल’ असे लिहिलेले असे, म्हणजे पाण्यात विरघळलेले फॉर्मल्डिहाइडच.

शेवटचा घटक ‘परफ्यूम’. हा एकच शब्द अनेक रसायनांची मोट असू शकतो, कारण सुगंधाचे मिश्रण हे व्यापारी गुपित मानले जाते. काही सुगंधद्रव्ये ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास त्यांची नावे छापण्याची सक्ती युरोपात आहे. इतर अनेक ठिकाणी तेवढेही बंधन नाही.

तिसरी वाट अशुद्धीची. लिपस्टिकमध्ये शिसे कोणी मुद्दाम घालत नाही. ते खनिज रंगद्रव्यांबरोबर येते आणि म्हणूनच यादीत छापले जात नाही. अमेरिकेतील ग्राहक संघटनांनी २००७ साली हा विषय लावून धरला. त्यानंतर तेथील अन्न व औषध प्रशासनाने ४०० लिपस्टिक तपासल्या. त्यांत सरासरी दहा लाख भागांत १.११ भाग आणि सर्वाधिक ७.१९ भाग शिसे आढळले. प्रशासनाने पुढे १० भागांची मर्यादा सुचवली, पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे.

सर्वांत वाईट प्रकार पाऱ्याचा, कारण रंग उजळण्याच्या क्रीममध्ये तो मुद्दाम घातलेला असतो. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होण्यास तो अडथळा आणतो, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. दरम्यान तो मूत्रपिंडांना इजा करत राहतो आणि त्याची वाफ घरातील इतरांच्याही श्वासात जाते. नाव दिलेच असेल तर ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरिक’ असे काही असते. नाव नसेल तर वापराच्या सूचना वाचाव्यात : सोने, चांदी, ॲल्युमिनियम यांचा स्पर्श टाळावा, असे बजावणाऱ्या क्रीमबाबत संशय घ्यावा, कारण पारा या धातूंवर परिणाम करतो. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार पारायुक्त प्रसाधनांवर बंदी आहे. आधी दहा लाखांत एका भागापर्यंत असलेली सूटही २०२३ च्या बैठकीत काढून टाकण्याचे ठरले.

प्रश्न : ग्राहकांनी पत्रे लिहून, सह्या गोळा करून कायदा खरोखर बदलतो का, की ते केवळ मनाचे समाधान?

उत्तर : बदलतो, परंतु फार उशिरा, आणि बहुधा कोणाला तरी जबर किंमत मोजावी लागल्यानंतर. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या रंगवण्याचे ‘लॅश ल्युअर’ नावाचे प्रसाधन विकले जात होते. त्यातील पॅराफेनिलीनडायअमिन या डांबरजन्य रंगद्रव्यामुळे काही स्त्रियांची दृष्टी गेली आणि एकीचा मृत्यू झाला. अधिकारी हे पाहत होते, पण त्यांच्या हातात असलेला १९०६ चा कायदा प्रसाधनांना लागूच नव्हता. मग त्यांनी अशा वस्तूंच्या बाटल्या आणि बळी पडलेल्यांची छायाचित्रे यांचे प्रदर्शनच मांडले. वृत्तपत्रांनी त्याला भयदालन म्हटले, स्त्रियांच्या संघटनांनी विषय उचलून धरला आणि तरीही कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. त्याला अखेरचा धक्का दिला तो एका विषारी औषधाने घेतलेल्या शंभराहून अधिक बळींनी. नव्या कायद्यानुसार जप्त झालेली पहिली वस्तू ‘लॅश ल्युअर’ हीच होती. गंमत म्हणावी की दुर्दैव, त्याच कायद्याने डांबरजन्य केशरंगांना, वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर, सूट दिली. पापण्या वाचल्या, डोके मोकळे राहिले.

फ्रान्समधील कथा अधिक करुण आहे. १९७२ साली तेथील एका बेबी पावडरमध्ये चुकून हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक ६ टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले आणि ३६ बालकांचा मृत्यू झाला. १९७५ चा फ्रेंच प्रसाधन कायदा त्यातून आला आणि पाठोपाठ १९७६ साली युरोपचे सामाईक निर्देश आले. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याची मोठी दुरुस्ती व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडावा लागला. तोपर्यंत घातक प्रसाधन बाजारातून परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकारही तेथील प्रशासनाला नव्हता. कंपनीला विनंती करावी लागे. आता तो अधिकार मिळाला आहे आणि सुरक्षिततेचा आधार नोंदवून ठेवणे कंपनीवर बंधनकारक झाले आहे.

म्हणून पत्र लिहायचेच असेल, तर ‘अमुक रसायन काढा’ एवढ्यावर थांबू नये. सुगंधातील घटक जाहीर करा, सुरक्षिततेचा अहवाल पाहू द्या, शिसे-पाऱ्याची तपासणी दर बॅचला करा, असे मागावे. एखादे नाव काढून दुसरे घालणे सोपे असते. या मागण्यांपुढे तशी पळवाट राहत नाही.

प्रश्न : एखाद्या प्रसाधनाने त्रास झाला तर तक्रारीत नेमके काय लिहावे?

उत्तर : वस्तूचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक, कधीपासून आणि किती वेळा वापरली, लक्षणे केव्हा दिसली आणि वापर थांबवल्यावर काय झाले, एवढे पुरे. बॅच क्रमांक बहुधा ट्यूबच्या दाबलेल्या कडेवर किंवा बाटलीच्या तळाशी उमटवलेला असतो, म्हणून त्रास झाल्यावर रागाने बाटली फेकून देऊ नये. उरलेली वस्तू पिशवीत बंद करून ठेवावी आणि पुरळाचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे. तक्रार कंपनी आणि नियामक यंत्रणा या दोघांनाही पाठवावी. अमेरिकेत तर गंभीर त्रासाची तक्रार आल्यास कंपनीने कामकाजाच्या १५ दिवसांत ती प्रशासनाला कळवणे आता सक्तीचे आहे.