फ्लेक्सवर ‘लाडकी लेक’ लिहिलं तर पोरगी रुसली

प्रश्न: ताई, नमस्कार. आमची पोरगी कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये डावा कोपरा खेळते. यंदा टीम जिंकली म्हणून चौकात फ्लेक्स लावला, ‘घरकाम, अभ्यास सांभाळून मैदान गाजवणारी गावाची लाडकी लेक’ असं लिहिलं, फोटो पण चांगला साडीतला टाकला, तर ही म्हणे आत्ताच्या आत्ता काढा. मागच्या वर्षी पुतण्याचा लावला तो ‘चढाईचा वाघ’, तो तर खुश होता. आमनं काय चुकनं?
– एक बाप, ता. पारोळा

उत्तर: अप्पा, लेक म्हटलं त्यात काहीच वावगं नाही, आखाजीला लेकी आल्याशिवाय आपल्याकडे झोका तरी बांधतं का कोणी? पण दोन्ही फ्लेक्स एकामागोमाग वाचा ना. पुतण्याचं वाचून कळतं की तो चढाई करतो, पोरीचं वाचून कळतं की ती भांडी घासते. पुतण्या घरकाम सांभाळून खेळला का हे कोणी विचारलं पण नसेल.

हे फक्त पारोळ्यात होतं असं नाही. आपल्या नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखने 2024 मध्ये नेदरलँड्सची स्पर्धा खेळून आल्यावर उघड लिहिलं होतं की लोक माझे कपडे, केस, बोलण्याची ढब बघतात, खेळ सोडून सगळं बघतात. पुढच्याच वर्षी ती महिला वर्ल्डकप जिंकली, ते वेगळं. आणि मिताली राजला 2017 मध्ये एकाने विचारलं, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण, तर तिने उलट विचारलं की पुरुष खेळाडूंना असा प्रश्न विचारता का.

आता तुमच्या पोरीचं काम बघा. कोपऱ्यातून घोट्याची पकड करायची म्हणजे चढाईवालीचा पाय बोनस रेषेपलीकडे कधी टेकतो त्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची, जरा आधी झेप घेतली तर ती हात लावून पळते, उशीर झाला तर बोनस घेऊन जाते, आणि एकदा घोटा धरला की बाकीच्या पोरी येईस्तोवर ओढत नेलं तरी सोडायचा नाही. हे तुम्ही मैदानाबाहेर उभं राहून बघितलंय, मग फ्लेक्सवर का नाही आलं?

लेक राहू द्या, खाली ‘डावा कोपरा, घोट्याची पकड’ टाका आणि फायनलला किती पकडी केल्या ते तिलाच विचारून लिहा. फोटो जर्सीतला घ्या. आणि फ्लेक्सवाल्याला म्हणा ती गुलाबी फुलं काढ भो, पोरीचा फोटो दिसला की न विचारता टाकून देतात.