सेना मेडल आणि सैन्य सेवा मेडल: डिस्चार्ज बुकातली राहिलेली पदकं कशी नोंदवायची?

प्रश्न: माझे वडील पायदळाच्या एका रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. भरती सप्टेंबर १९६६, निवृत्ती सप्टेंबर १९८७, आज वय ७७. पेन्शन सुरू आहे. १९७१ च्या लढाईत ते पुढच्या भागात होते, पण डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तिकेत) पदकांच्या जागी दोनच नोंदी आहेत आणि त्यात १९७१ चं काहीच नाही. ‘मला सेना मेडल होतं’ असं ते सांगतात. त्या मेडलला दरमहा भत्ता असतो असं आता कळलं. आम्हाला तो कधी मिळाला नाही. २०१६ मध्ये मी रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवलं, त्यावर ‘पात्र असलेली सर्व पदके दिली आहेत’ एवढी एक ओळ आली. जवळच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेलो तर ‘तुमचा जिल्हा वेगळा’ म्हणाले. भत्त्याच्या थकबाकीसह कोर्टात जावं का? सोबत डिस्चार्ज बुकाच्या पानाचा फोटो जोडला आहे. (एक वाचक, खारघर)

उत्तर: कोर्टाचं नंतर बघू, आधी तुमच्याच फोटोतली पहिली नोंद नीट वाचा. तिथे ‘एस. एस. मेडल विथ क्लास्प जे अँड के’ असं लिहिलंय. हे सैन्य सेवा मेडल आहे, सेना मेडल नव्हे. घरात बोलताना दोन्हींचं ‘सेना मेडल’ होऊन जातं आणि पुढे सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. सैन्य सेवा मेडल खडतर भागातल्या सेवेसाठी मिळतं. तो भाग कोणता हे फितीवरच्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे क्लास्पवर, लिहिलेलं असतं. वडिलांच्या बाबतीत जम्मू-काश्मीर. या पदकाला पैसे जोडलेले नाहीत. सेना मेडल ही वेगळी गोष्ट. ते नावानिशी जाहीर होतं, भारताच्या राजपत्रात छापलं जातं आणि मिळालेल्या माणसाच्या नावापुढे ‘एस. एम.’ लागतं. त्यातही शौर्यासाठी दिलेल्या सेना मेडललाच भत्ता आहे (१ ऑगस्ट २०१७ पासून दरमहा २,००० रुपये). विशिष्ट सेवेसाठी दिलेल्या सेना मेडलला नाही. वडिलांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) किंवा जुन्या पत्रांवर नावापुढे ‘एस. एम.’ कुठेच नसेल, तर भत्त्याची मागणी आजच सोडून द्या.

हे कानाला कठोर लागेल, पण कारण व्यवहाराचं आहे. शौर्य पुरस्कार हक्क म्हणून मागता येत नाही. तो शिफारशीवर मिळतो, आणि पन्नास वर्षांनंतर सशस्त्र बल न्यायाधिकरण (सैनिकांच्या सेवेचे वाद ऐकणारं) ती शिफारस स्वतः करत नाही. अर्जात ही मागणी घातलीत की समोरचा सरकारी वकील तिच्यावरच बोट ठेवणार, आणि जी पदकं खरोखर वडिलांच्या हक्काची आहेत तीही त्या ओघात बाजूला पडणार.

ती कोणती, ते तारखांवरूनच निघतं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जे सैन्यात होते त्यांच्यासाठी स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक आहे. वडील त्या दिवशी नोकरीत होते. २० वर्षांच्या सेवेचं दीर्घ सेवा पदक वेगळं. त्यांची सेवा २१ वर्षं झाली, पण बुकात फक्त ९ वर्षांच्या पदकाची नोंद आहे. या दोन पदकांसाठी लढाईचा पुरावा शोधायची गरज नाही, भरतीची आणि निवृत्तीची तारीख जवळपास पुरते.

१९७१ साठी मात्र खणावं लागेल. त्या युद्धाचे दोन स्टार आहेत: पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीसाठी पश्चिमी स्टार. त्याशिवाय संग्राम मेडल. तुम्ही ‘पुढच्या भागात’ एवढंच लिहिलंय, आघाडी कोणती ते नाही. वडिलांना विचारा, आणि घरात जुनी इनलँड पत्रं किंवा मनीऑर्डरच्या पावत्या असतील तर त्यांवरचा पत्ता पाहा. ‘५६ एपीओ’ म्हणजे साधारणपणे पश्चिम-उत्तरेकडचं फौजी टपाल, ‘९९ एपीओ’ म्हणजे पूर्वेकडचं. एपीओचा नंबर नेमकी जागा लपवण्यासाठीच असतो, त्यामुळे एवढ्यावर पदक कुणी देणार नाही. पण अर्जात चुकीचा स्टार मागण्याची नामुष्की टळते.

आणखी एक काम घरबसल्या करा. कपाटात, ट्रंकेत एखादं पदक असेल तर ते आडवं धरून कडेवर बॅटरीचा तिरका उजेड पाडा. खऱ्या पदकाच्या कडेवर बहुधा सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं. वडिलांचा नंबर दिसला तर ते पदक त्यांना रीतसर मिळालेलं आहे, फक्त बुकात चढवायचं राहिलं, असं म्हणायला भक्कम आधार मिळतो. कड कोरी असेल तर ते गणवेशावर लावायला दुकानातून घेतलेलं असू शकतं. ते पुरावा म्हणून पुढे करू नका. कोरलेली अक्षरं दिसतील असा फोटो काढा. ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात.

आता मुख्य मुद्दा. ‘पदक बुकात नाही’ या एका तक्रारीखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांचे रस्तेही वेगळे आहेत. पदक मंजूर होतं तेव्हा त्याचा ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे युनिटचा लेखी आदेश, निघतो. त्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, नोंद होते, आणि निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. या साखळीत पार्ट टू ऑर्डर आहे पण पुढची नोंद गळली, असं असेल तर काम कारकुनी आहे, वाद नाही. असं बहुधा बदलीच्या वेळी होतं: आदेश जुन्या युनिटने काढला, तोवर जवान दुसरीकडे किंवा कोर्सला गेला, कागद मागे राहिला. पण पार्ट टू ऑर्डरच निघालेला नसेल, तर पात्रता आधी तपासून घ्यावी लागते आणि मग आदेश काढायला सांगावं लागतं. २०१६ च्या तुमच्या पत्रात तुम्ही नुसतं ‘पदकं द्या’ म्हटलंत, म्हणून तुम्हाला तसंच गोल उत्तर मिळालं.

म्हणून पहिलं पाऊल माहितीच्या अधिकाराचं, आणि अर्ज वडिलांच्या नावाने, त्यांच्या सहीने. तुमच्या नावाने गेला तर ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती’ म्हणून कलम ८(१)(जे) खाली परत येईल. सही करता येत नसेल तर अंगठा, आणि त्यावर साक्षांकन. सोबत ओळखपत्राची प्रत. सैन्य माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या कायद्यातून वगळलेल्या संस्थांच्या यादीत, म्हणजे दुसऱ्या अनुसूचीत, आसाम रायफल्स, सीमा सुरक्षा दल वगैरे आहेत, भूदल नाही. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डरने किंवा ऑनलाइन. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा टाळलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

काय मागायचं ते मोजकं लिहा: माझ्या शीट रोलची संपूर्ण साक्षांकित प्रत, मला दिलेल्या सर्व पदकांच्या पार्ट टू ऑर्डरचे क्रमांक, तारखा आणि प्रती, लाँग रोलमधील (जवानांच्या कायम ठेवल्या जाणाऱ्या नोंदवहीतली) माझी नोंद, आणि पदकं पाठवली असतील तर पाठवल्याची नोंद. ‘डिसेंबर १९७१ मध्ये आमची पलटण कुठे होती’ असं विचारू नका. तो प्रश्न सुरक्षेच्या कारणाखाली नाकारला जातो आणि त्याच्यासोबत बाकीचा अर्जही अडकतो. तुमच्या कामाची माहिती शीट रोलमधल्या नेमणुकांच्या नोंदींत येतेच.

अर्ज कुठे? जवानांचं रेकॉर्ड रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असतं, दिल्लीत नाही. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. तोफखान्यातल्या वाचकांसाठी सांगतो, नाशिक रोड कॅम्प. ‘कागद नष्ट केले’ असं उत्तर आलं तर घाबरू नका. २५ वर्षांनी कागद काढून टाकण्याचा नियम पेन्शन नसलेल्यांसाठी आहे. तुमचे वडील पेन्शनर आहेत आणि त्यांचे कागद त्याहून जास्त काळ ठेवावे लागतात. शिवाय लाँग रोल जपून ठेवलेलाच असतो.

माहिती हातात आली की रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्यांच्या नावे निवेदन द्या, हिंदीत किंवा इंग्रजीत. वर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, पीपीओ क्रमांक. मग प्रत्येक पदकासाठी स्वतंत्र परिच्छेद: पदकाचं नाव, पात्रता कशावरून, शीट रोलचं कोणतं पान. शेवटी मागण्या अशा: ज्या पदकांचा पार्ट टू ऑर्डर आहे त्यांची डिस्चार्ज बुकात नोंद करावी आणि पदकं न दिली असल्यास द्यावीत, ज्यांचा नाही त्यांची पात्रता तपासून आदेश काढावा, नाकारायचं असल्यास प्रत्येक पदकासाठी कारण आणि लागू नियम लेखी कळवावा. या शेवटच्या वाक्यामुळेच एका ओळीच्या उत्तराला आळा बसतो. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. पोचल्याची तारीख हाच पुढच्या सगळ्या मुदतींचा आधार आहे.

निवेदन पाठवण्याआधी नाव तपासा. सैन्याच्या कागदांवर नुसतं नाव आणि आडनाव, आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण, कुठे आडनाव आधी, कुठे एक अक्षर कमी, हे आपल्याकडे सर्रास असतं. अशी तफावत असेल तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा, नाहीतर तीन महिन्यांनी नेमका तोच आक्षेप येईल.

स्पर्श पोर्टलवर तक्रार टाकू नका. ते पेन्शनचं आहे, पदकांशी त्याचा संबंध नाही.

सैनिक कल्याण कार्यालयात तुम्हाला सांगितलं ते बरोबरच होतं. खारघर, कामोठे, पनवेल हे नवी मुंबई म्हणून ओळखले जात असले तरी जिल्हा रायगड, म्हणून तुमचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागचं. वाशी, नेरूळ, ऐरोलीकरांचं ठाण्याचं. निवेदन त्यांच्यामार्फत पाठवलं तर माजी सैनिकाची ओळख पटलेली असते आणि पाठपुराव्याला एक सरकारी जावक क्रमांक मिळतो. थेट पाठवून प्रत त्यांना दिली तरी चालतं. मालमत्ता करमाफीचा यात संबंध आहे का, असंही बरेच जण विचारतात. ती सवलत माजी सैनिक म्हणून आहे, या पदकांवर अवलंबून नाही.

आता कोर्ट. पदकांची नोंद हा सशस्त्र बल न्यायाधिकरण कायदा, २००७ खाली ‘सेवाविषयक बाब’ आहे, म्हणून पनवेलच्या दिवाणी न्यायालयात दावा लावण्यात अर्थ नाही. निवृत्त व्यक्तीला राहत्या ठिकाणच्या खंडपीठात जाता येतं, म्हणजे तुम्हाला मुंबई. कलम २१ प्रमाणे आधी खात्याकडे दाद मागावी लागते. नकार आला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज. उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा. निवेदन १० जानेवारीला पोचलं असेल तर १० जुलैपासून दार उघडतं आणि पुढच्या १० जानेवारीला बंद होतं.

तुमची खरी अडचण २०१६ चं ते पत्र आहे. खात्याचं म्हणणं असेल की नकार तेव्हाच मिळाला, मुदत कधीच संपली. जुन्या विषयावर नवीन निवेदन देऊन मुदत पुन्हा जिवंत होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सी. जेकब प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट केलंय. यावर उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र वापरायचे. पहिला, कलम २२ खाली विलंब माफीचा अर्ज, वडिलांचं वय आणि प्रकृतीच्या कागदांसह. दुसरा त्याहून महत्त्वाचा: माहिती अधिकारात नवीन काही निघालं, उदाहरणार्थ कधीच न नोंदवलेला पार्ट टू ऑर्डर, तर २०१६ चं उत्तर रेकॉर्ड न पाहता दिलं होतं असं दाखवता येतं. म्हणूनच माहिती अधिकार आधी, निवेदन नंतर, हा क्रम उलटा करू नका. २०१६ चं पत्र लपवू नका, ते निवेदनात स्वतःहून नमूद करा.

उच्च न्यायालयाचा दरवाजा बंद नाही (परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते मान्य केलंय), पण पहिल्या पायरीला तिथे जाऊन उपयोग नाही, बहुधा न्यायाधिकरणाकडेच पाठवतील. या काळात वडिलांचं काही बरंवाईट झालं तरी आईला हा दावा पुढे नेता येतो; न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम २ मध्ये वारस आणि अवलंबितांचा उल्लेख आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो, हेही लक्षात ठेवा.

मूळ डिस्चार्ज बुकाबद्दल एक सूचना. नवी नोंद चढवायला रेकॉर्ड ऑफिस ते मागवणार, पण लेखी मागितल्याशिवाय पाठवू नका. पाठवण्याआधी पहिल्या पानापासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत प्रत्येक पानाचा फोटो काढा, जमलं तर स्वतः जाऊन हातात द्या आणि पोच घ्या. तुमच्या फोटोत दुसऱ्या नोंदीखाली निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरात ‘सेना मेडल’ लिहिलेलं दिसतंय, त्यावर सही-शिक्का नाही. ते घरातल्या कुणी लिहिलं असेल तर खोडू नका, व्हाइटनर लावू नका. निवेदनात एका वाक्यात सांगा की ही नोंद कार्यालयाची नाही आणि आम्ही तिचा आधार घेत नाही. बुक टेबलावर उघडलं की अधिकाऱ्याची नजर सर्वात आधी तिथेच जाणार आहे.