बाबांचं ताट वेगळं वाढू नका

भाऊ, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. देवळीजवळ तुमचं घर, साडेचार एकर कोरडवाहू. बाबांची उपाशीपोटीची शुगर १४८ निघाली आणि गोळी सुरू झाली. आईचं हिमोग्लोबिन ९.१. पुण्याच्या आत्येभावानं मोबाईलवर यादी पाठवली: ओट्स, किन्वा, चिया, ऑलिव्ह तेल, बदामाचं दूध. यातलं इथल्या बाजारात काय मिळेल आणि महिन्याला किती पैसे लागतील, असं तुम्ही विचारलंय.

आत्येभावाची माया खरी आहे, त्याचं मन मोडू नका. पण यादी बाजूला ठेवा. मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते, दारव्हा-आर्णीकडच्या गावांत. त्या यादीतल्या वस्तू जे काम करतात, ते करणारं अन्न तुमच्या आजीच्या चुलीवर रोज शिजत होतं. ते कुठं गेलं आणि परत कसं आणायचं, तेवढं सांगते. बाबांची गोळी मात्र मनानं बंद करायची नाही, हे आधी लिहून ठेवते. भाकर गोळीच्या सोबत चालते, गोळीच्या जागी चालत नाही.

आमच्याकडे ह्यांना २००६ साली शुगर निघाली. मी त्या दिवसापासून त्यांचं ताट वेगळं केलं. त्यांना उकडलेली भाजी, आम्हाला तर्रीची. त्यांना एक कोरडी पोळी, बाकीच्यांना भात-वरण-तूप. ते ओसरीत भिंतीकडे तोंड करून जेवायचे आणि बोलायचे नाहीत. बाजाराच्या दिवशी जिलेबी खाऊन यायचे, हे मला चार महिन्यांनी कळलं. सहा महिने झाले तरी शुगर जागची हलली नाही. शेवटी सासूबाई मला म्हणाल्या, "त्याले एकट्यालेच काहून असं वाढतं? आपण सारेच तेच खाऊ." त्या दिवसापासून आमच्या घरात एकच स्वयंपाक होतो. म्हणून तुम्हाला सगळ्यात आधी हेच सांगते, की घरात आजाऱ्याचं ताट नावाची गोष्ट ठेवू नका. बाबांना जे बरं, ते तुम्हाला, बायकोला, लेकरांनाही बरंच आहे. शिवाय शुगर घराण्यात उतरते, तेव्हा तुमचीही पाळी येऊ शकते.

आता जवारी. माझ्या लहानपणी पोळी सणाला व्हायची, रोजची भाकर जवारीची. ऐंशीच्या दशकात सोयाबीन आलं, हातात रोख पैसा आला, आणि जवारीचं वावर कमी कमी होत गेलं. आता तर एखाद्यानं एकट्यानं पेरली की साऱ्या शिवारातली पाखरं त्याच्याच कणसांवर उतरतात, उरलेलं रानडुकरं लोळवतात. त्यामुळे शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण एक दुसरी गोष्टही झाली, ती मला जास्त लागते. पाहुणे आले की भाकर वाढायची लाज वाटायला लागली. पोळी म्हणजे सुधारलेलं घर, भाकर म्हणजे गरिबी. पुढे २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि शहरात जवारीचं पीठ गव्हाच्या पिठाहून महाग विकू लागलं. आपण मात्र ती कोठीतून काढून टाकली होती.

जवारीत शंभर ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम चोथा असतो. भाकर सावकाश पचते, पोट धरून राहते, सकाळी पोट साफ होतं. पण तिच्यात पोटात साखर होणारा पिठूळ भागही ७० ग्रॅमच्या आसपास आहे, हे लोक विसरतात. "जवारी आहे ना, मग खा किती बी" असं म्हणून तीन भाकरी खाल्ल्या तर शुगर चढणारच. बाबांना एक किंवा दीड पुरे. आणि जेवणाचा क्रम बदला. आधी काकडी, मुळा, कांदा असं कच्चं, मग भाजी आणि घट्ट वरण, भाकर सगळ्यात शेवटी. एवढ्यानंच जेवणानंतरची शुगर कमी चढते. मी हे ह्यांच्या मशिनवर मोजून पाहिलेलं आहे.

तुमच्या बायकोला भाकर थापता येत नसेल तर रागावू नका, आजकाल शिकवलं कोणी? पीठ दळून फार दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो आणि भाकर तुटते. आठ दिवसांपुरतंच दळा, उकळतं पाणी घालून मळा, हातावर जमत नसेल तर पोळपाटावर ओलं फडकं टाकून थापा. सुरुवातीला रोज एक वेळ भाकर ठेवा, एक वेळ पोळी. भाकरीचा कंटाळा आला की जवारीच्या कण्या शिजवून ताकासोबत खा. उन्हाळ्यात आंबील करा.

चियाबद्दल. चियात जी ओमेगा तीनची चरबी असते म्हणून तिचं कौतुक करतात, ती आपल्या जवसात भरपूर आहे. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग तीच चरबी आहे. शिवाय शंभर ग्रॅममागे पंचवीसेक ग्रॅम चोथा. आपल्याकडे जवसाची चटणी नाही असं घर पूर्वी सापडायचं नाही. फक्त दोन चुका करू नका. पहिली, जवस अख्खे गिळू नका, त्यांचं साल इतकं टणक आणि गुळगुळीत असतं की ते जसेच्या तसे बाहेर पडतात. भाजून कुटलेच पाहिजेत. दुसरी, महिन्याची चटणी एकदम करू नका. कुटल्यावर त्यातलं तेल हवेनं लवकर खवट होतं. कोरड्या कढईत मंद आचेवर भाजा, तडतडायला लागले की उतरवा, वेगळ्या भाजलेल्या लाल मिरच्या, लसूण, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात कुटा. आठ-दहा दिवसांपुरती, घट्ट झाकणाच्या बरणीत. दिवसाला माणशी दोन चमचे, आणि वर पाणी नीट प्या. बाबांना रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

ऑलिव्ह तेलाचं उत्तर एका ओळीत: जे तेल आहे ते कमी वापरा. आमच्या घरी माणशी महिन्याला अर्धा किलो हा हिशेब आहे, तर्री करायची तर पंधरा दिवसांतून एकदा, आणि त्या दिवशी मनापासून खायची.

आता आईकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात बाबांवर दहा ओळी आहेत आणि आईवर एक. आपल्याकडे हे नेहमीचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. मी घरोघरी फिरले आहे, मला त्या आकड्याचं नवल वाटत नाही. मला एक सांगा, तुमची आई किती वाजता जेवते? सगळ्यांचं झाल्यावर ना? कढईत राहिलेला भाजीचा रस्सा, वरणाचं वरचं पाणी आणि सकाळची भाकर. पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, मग दिवसभर कापूस वेचणी, आणि ताटात सगळ्यात कमी डाळ तिच्या. लोहाच्या गोळ्या देऊन ते रक्त चढतं आणि गोळ्या संपल्या की पुन्हा उतरतं.

म्हणून आईलाही पंगतीत बसवा. बाबांच्या ताटाचा आणि आईच्या ताटाचा उपाय एकच आहे, सगळ्यांनी एका वेळी, एकाच भांड्यातलं वाढून घेऊन जेवायचं. पहिल्या आठवड्यात आई ऐकणार नाही. "तुमी खा, मी बसतो मंग" म्हणेल. तेव्हा तुम्ही तिच्या हातातून पळी घ्या आणि वाढा.

ताटात काय, ते ऐका. तुरीचं घट्ट वरण, रोज. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅममागे २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, आणि तूर तुमच्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, होत असेल. बरबटी (चवळी), मोट (मटकी), मूग भिजवून मोड आणून. हिवाळ्यात तुरीचे सोले, पोपटाचे (वालाचे) दाणे, हरभऱ्याची भाजी. पावसाळ्यात तरोटा, काटवल, अंबाडी. उन्हाळ्यात चिवळ आणि घोळ. पालेभाजीतलं लोह शरीर सहजी घेत नाही, त्याला आंबट लागतं, तेव्हा वरणावर आणि भाजीवर जेवताना लिंबू पिळा. अंडी किंवा मटण खात असाल तर आईचा वाटा आधी काढा. मांसातलं लोह सगळ्यात चांगलं अंगी लागतं. अंगणात जागा असेल तर मुंगन्याचं (शेवग्याचं) एक झाड लावा, शेंगा सगळेच खातात, पाल्याचीही भाजी करा. कोणाला मुतखडा होत असेल तर घोळ आणि पालक बेतानं. रानभाजी मात्र ओळखणाऱ्या म्हातारीसोबत जाऊनच तोडा आणि तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरची मुळीच आणू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तो काळ मी जवळून पाहिला, तेव्हापासून फवारलेल्या शिवाराजवळचं पान मी घरात येऊ देत नाही.

आणि एक तपासणी, जी विदर्भात विसरून चालत नाही. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आईची त्याची तपासणी झाली आहे का? प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या रक्तावर पहिली चाचणी होते, ती संशयास्पद आली तर पुढची. सिकलसेलचा रुग्ण असेल तर रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देता येत नाहीत. तपासणीत तसं काही नसेल तर गोळी रोज एक, लिंबूपाण्यासोबत. शौचाला काळं होईल, घाबरू नका. पोटातल्या जंतांची गोळीही विचारून घ्या. अनवाणी शेतात जाणाऱ्यांच्या तळव्यातून शिरणारे जंत आतड्यात बसून रक्त पितात, तेव्हा आईला वावरात चप्पल घालायला लावा.

चहा. आपल्याकडे घरी चहा, धुऱ्यावर चहा, कोणी आलं की चहा. कपात दोन चमचे साखर, दिवसात पाच कप, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेनं पूर्ण दिवसाची वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे, जमलं तर २५ च्या आत. बाबांचा चहा दोनवर आणा आणि बिनसाखरेचा करा. गुळाचा चहा शुगरला चालतो ही समजूत चुकीची आहे, गूळही साखरच. आईनं जेवणाच्या आणि गोळीच्या आसपास दोन तास चहा घ्यायचा नाही, चहा लोह अडवतो.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाही. बाबा खात नसतील तर देव पावला. खात असतील तर वरचं सगळं अपुरं आहे. सुपारीनं तोंड हळूहळू उघडेनासं होतं, पुढं कर्करोग. चाळिशीतल्या माणसाला भाकरीचा घास तोंडात जाईना म्हणून रडताना मी पाहिलं आहे. ह्यांनी सोडला तेव्हा खिशात भाजलेले जवस, तीळ, ओवा आणि बडीशोप यांची पुडी ठेवायचे. तल्लफ आली की चिमूटभर. सुटायला आठ महिने लागले, तीनदा पुन्हा सुरू झाला, पण सुटला.

तुम्ही शेवटी विचारलंय की बाबा उदास बसतात, त्याला काय करू. याला बाजारातलं काहीच नको. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडा, शेकोटीभोवती टोपलं ठेवा आणि सगळे बसा. सोलत सोलत खाण्यात तास जातो, पोटात डाळच जाते, आणि माणूस बोलता होतो. हुरड्याच्या दिवसांत कोणाच्या वावरात जवारी असेल तिथं बाबांना घेऊन जा. एखाद्या रविवारी वावरात गोवऱ्यांवर रोडगे लावा, सोबत वांग्याची भाजी. बाबांनी एक रोडगा खावा, तूप कमी, पण गोवऱ्या त्यांनीच रचाव्या, रोडगे त्यांनीच उलटावे. ज्यानं आयुष्यभर घर चालवलं त्याला "तुम्ही बसा, तुमाले शुगर आहे" म्हणणं फार वाईट.

तुमच्या गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते का? आमच्याकडे रोज संध्याकाळी होते. ह्यांना मी पहिल्यांदा ओढून नेलं. आता घरापासून मंदिरापर्यंत चालत जाणं-येणं, जमिनीवर बसणं-उठणं, अर्धा तास मोकळ्या गळ्यानं म्हणणं आणि पारावरच्या चार माणसांशी बोलणं, एवढं रोज होतं. झोप लागायला लागली. रात्रीचं जेवण साडेसातला उरकून मग पंधरा मिनिटं चालायचं, ही सवयही तिथूनच लागली. डॉक्टरांनी "चाला" म्हटलं तेव्हा ते चालले नव्हते, खंजिरीच्या आवाजामागे चालले.

उन्हाळ्याचं थोडक्यात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कांदा खिशात ठेवल्यानं ऊन लागायचं थांबत नाही, पाणी आणि मीठ पोटात गेल्यानं थांबतं. ताक, आंबील, कैरीचं पन्हं. बाबांचं पन्हं गुळाशिवाय, जिरं-मीठ घालून.

खर्चाचं म्हणाल तर नवीन खर्च जवस आणि जवारीचा, बाकी तुम्ही आजही घेताच. जवारी किराण्यात घेण्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची एकदम घ्या, उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरा. आणि पुढच्या हंगामात धुऱ्याशेजारी चार ओळी जवारी टाकायची असेल तर शेजारच्या दोघा-तिघांना सोबत घेऊन पेरा, म्हणजे पाखरांचा मार एकट्यावर पडत नाही.

बाबांची तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर आत्ता एकदा तपासून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा. दोन्ही आकडे इथे टाका, मी वाट पाहते. आईच्या सिकलसेल तपासणीचं काय निघालं, ते मात्र या आठवड्यातच कळवा.